घाबरलेला डोळा

२ मार्च

आलो एकदाचे. सामान अजून खोक्यांतच आहे, पातेली सापडली तर झाकणं सापडत नाहीत, पण मुंगीने मात्र आल्या आल्या मोठ्या खिडकीखालची जागा पटकावली आणि ही माझी, असं जाहीर करून टाकलं. मुंगी म्हणजे माझी लेक, वय सात. साखरेच्या डब्याशी तिची रांगत्या वयापासून दोस्ती, म्हणून तिच्या बाबाने ठेवलेलं नाव. बाबा बोटीवर असतो, वर्षअखेरीला येईल. तोवर आम्ही दोघी आणि या दोन खोल्या. खाली बेकरी असल्यामुळे घरभर ताज्या पावाचा वास. मुंगी म्हणाली की आता स्वयंपाक करायची गरजच नाही, नुसता वास घ्यायचा. बापाची जीभ घेऊन आली आहे.

परवापासून माझी नवी नोकरी. इतकी वर्षं कपबश्यांवर फुलं रंगवली, तो कारखाना बंद पडला. आता डोळे रंगवायचे. इथे कृत्रिम डोळे बनवणारी एक कार्यशाळा आहे आणि त्यांना बारीक कामाला हात बसलेलं माणूस हवं होतं. खरं सांगायचं तर मी अर्ज केला तो मुंगीसाठी. गेल्या वर्षी शाळेच्या मैदानावर गवत कापायच्या यंत्रातून खडा उडाला आणि तिचा डावा डोळा गेला. तेव्हापासून पट्टी बांधून हिंडते. पोरं तिला काय काय नावं ठेवतात ते सगळं मला पाठ आहे. तिच्या तोंडून मात्र त्यातलं एकही आलेलं नाही. नव्या शाळेच्या पहिल्या दिवशी तुझ्या चेहऱ्यावर दोन डोळे असतील, असं मी तिला कबूल केलंय. तिने विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की.

४ मार्च

कार्यशाळेत पाऊल टाकलं आणि डोळेच दिपले. बाहेर लख्ख ऊन, आणि आत झाडून सगळे दिवे चालू. एकाही खिडकीला पडदा नाही. मी विचारलं की इथे वीज फुकट मिळते वाटतं, तर मालक म्हणाले की नाही, पण अंधार फार महाग पडतो. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. साठीचे, गोल पोटाचे, तोंडाचा पट्टा अखंड चालू. चित्र रंगवणाऱ्याची नजर माझी, त्यामुळे एक गोष्ट लगेच लक्षात आली. त्यांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या आहेत. कसलंसं औषध रोज डोळ्यांत घालतात. जिन्याखालच्या सावलीत गेले की बिचारे चाचपडत चालतात.

पॉलिशच्या चाकावर त्यांचा भाऊ बसतो, त्याला दादा म्हणायचं. मी त्याच्याकडे बघून दोनतीनदा हसले, मान डोलावली, तेव्हा मास्तरांनी सांगितलं की त्याचे दोन्ही डोळे इथलेच आहेत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादा स्वतःच हसला. म्हणाला की ताई, तुम्ही हसलात ते ऐकू आलं. किती शांत माणूस आहे. हातातल्या डोळ्यावर अंगठा फिरवतो आणि कुठे ओरखडा राहिलाय ते सांगतो.

इथली एक पद्धत मोठी मजेशीर आहे. डोळ्याचं सगळं काम आधी उरकतात. खोबणीचं माप, पांढरा भाग, लाल रेशमाच्या तंतूंच्या शिरा, बुबुळाचा रंग. बाहुली, म्हणजे मधलं काळं वर्तुळ, ते सगळ्यात शेवटी. ती मोजायच्या दिवशी गिऱ्हाइकाला खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसवायचं. चहा द्यायचा, गप्पा मारायच्या, मास्तरांचे विनोद ऐकवायचे, त्यातले निम्मे शिळे. माणूस सैलावला, त्याने जांभई दिली, की मग मास्तर हळूच काळ्या ठिपक्यांची पट्टी त्याच्या चांगल्या डोळ्याशेजारी धरतात आणि जुळणारा ठिपका निवडतात. जरा कोणी बावरलेलं दिसलं की काम बंद, परत या. आज एक आजोबा चहा पिऊन तसेच परत गेले. मला तर वाटलं, चहासाठीच येत असतील.

९ मार्च

मुंगीच्या खोबणीचं माप मास्तरांनी घेतलं आणि बुबुळ रंगवायचं काम मला दिलं. तिचं बुबुळ नुसतं तपकिरी नाही. कडेला हिरवट छटा आहे आणि एका बाजूला मधाचा थेंब सांडल्यासारखा डाग. सात वर्षं रोज पाहिलेला डोळा, पण रंगवायला बसले तेव्हा कुठे खरा पाहिला. डोळ्यांत पाणी येत होतं आणि हात हलू द्यायचा नव्हता, फार तारांबळ उडाली.

मधल्या सुट्टीत मास्तरांना विचारलं की बाहुलीचं एवढं स्तोम कशाला. ते म्हणाले की बाहुली नुसत्या उजेडाने लहानमोठी होत नाही, मनानेही होते. भीती वाटली की उघडते. उघडली की उजेड जास्त शिरतो, कोपऱ्यातलं, कडेचं सगळं दिसायला लागतं, मात्र समोरचं बारीक काही धड दिसत नाही. घाबरलेल्या माणसाला बारीक अक्षरं वाचता येत नाहीत, पण दाराआडची हालचाल दिसते. आणि दुसरं म्हणजे बाहुली नकलाकार आहे. समोरच्या माणसाच्या बाहुल्या मोठ्या दिसल्या की आपल्याही नकळत मोठ्या होतात. तान्ह्या बाळाचीसुद्धा आईकडे बघून होते. म्हणून रंगवलेली बाहुली निवांतच हवी. ती कधी मिटणार नाही, बदलणार नाही, आणि माणूस रोज आरशात तिच्याकडे बघणार. एवढं सांगून त्यांनी लगेच एक शिळा विनोद केला.

१६ मार्च

मुंगीच्या नव्या शाळेचा पहिला दिवस परवा, आणि मास्तर तापाने फणफणलेत. मुंगीचा डोळा तयार आहे, फक्त बाहुली राहिली. मास्तरांनी निरोप पाठवला की आठवडाभर थांबा. आठवडाभर! म्हणजे पहिल्या दिवशी पुन्हा पट्टी, पुन्हा तीच नावं. मुंगीने फक्त पट्टी धुवायला टाकू का, एवढं विचारलं. ते मला सहन झालं नाही.

मीच मोजलं. मला काय ठिपके जुळवता येत नाहीत? पण मुंगीला आरामखुर्ची आवडेना. हॉस्पिटलातली खुर्ची अशीच मागे झुकायची म्हणे. रडायला लागली. मी चहाऐवजी गोळ्या दिल्या, गाणं म्हटलं, शेवटी माझा पारा चढला आणि मी खेकसले की हलू नकोस. ती थिजल्यासारखी बसली. पट्टी धरली तर ठिपका बराच मोठा जुळला. मनात शंका आली, पण लहान मुलांच्या बाहुल्या मोठ्याच असतात, हे मास्तरांनीच सांगितलं होतं. रंगवून टाकली. दादाने पॉलिश करता करता विचारलं की मास्तरांनी मोजली ना. मी हो म्हटलं.

१८ मार्च

काय दिसतेय माझी पोर! बेकरीवाल्या काकूंनी हातातलं काम टाकून पाहिलं आणि म्हणाल्या की किती बोलके डोळे. वर्गशिक्षिकाही तेच म्हणाल्या. शाळेतून आली ती उड्या मारतच. एका मुलीशी मैत्रीसुद्धा झाली. आता आरशासमोरून हलत नाही. नाकाला नाक लावून स्वतःच्याच नव्या डोळ्याकडे बघत बसते. मी म्हटलं, आरसा झिजेल गं. आज किती तरी महिन्यांनी मला पोटभर जेवण गेलं.

२४ मार्च

मुंगी पुस्तक वाचताना अडखळते. अक्षरं पुसट दिसतात म्हणते. उजेडाने डोळा चुरचुरतो. मी खिडकीशी नेऊन पाहिलं तर तिच्या चांगल्या डोळ्याची बाहुली उघडलेली, अगदी मी रंगवलेल्या ठिपक्याएवढी. उन्हातसुद्धा. दोन्ही डोळे आता तंतोतंत जुळतात. ज्या गोष्टीसाठी मी एवढी धडपडले, ती बघून मी पडदा ओढून घेतला.

झोपेतून दचकते. कशाला घाबरलीस विचारलं तर म्हणते, माहीत नाही, नुसतीच भीती वाटतेय.

२६ मार्च

नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी सगळं तपासलं, बाहुली मोठी आहे एवढंच, बाकी दोष काही सापडला नाही. घर बदललंय, शाळा बदललीय, मुलं मनावर घेतात, असं म्हणाले. परतताना मुंगीने रस्त्यात माझा हात घट्ट धरला होता आणि मान सारखी डावीकडे वळवत होती. घरी आल्यावर सांगितलं की कडेला कोणीतरी उभा असतो. आधी शाळेच्या फाटकाशी होता. मग आमच्या गल्लीच्या तोंडाशी. आज बेकरीच्या पायरीवर. नीट बघायला गेलं की दिसत नाही, नुसता कडेला दिसतो. मी विचारलं, कसा दिसतो. म्हणाली की उंच आहे आणि त्याच्या चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी सपाट कातडी आहे. तिने त्याचं नावही ठेवलंय. उभा.

मी हसण्यावारी नेलं. पण हसता हसताच दाराची कडी लावली, ते तिने पाहिलं असणार.

२९ मार्च

मास्तर कामावर आले. मुंगीला पाहिलं आणि तोंडातला विनोद तोंडातच राहिला. त्यांनी ठिपक्यांची पट्टी मागितली, धरली, आणि खाली बसले. मी सगळं सांगितलं. रागावले नाहीत. त्यापेक्षा चार थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

दादाचीही हीच गोष्ट, मास्तर म्हणाले. त्याचा एकच डोळा गेला होता. मास्तर तेव्हा तरुण होते, ही पद्धत नव्हती. ऑपरेशनच्या धसक्यातून न सावरलेल्या भावाची बाहुली मोजली आणि तशीच रंगवली. मग आरसा, मग चांगल्या डोळ्याची नक्कल, मग आतून येणारी विनाकारण भीती. भीतीने बाहुली आणखी उघडली. एवढी उघडली की जे एरवी माणसाला दिसत नाही ते दिसायला लागलं. आणि ते दिसल्यावर पुन्हा भीती. त्यातून बाहेर यायला वाटच नाही.

चाक थांबवून दादा बोलला. म्हणाला, "त्याला स्वतःला डोळे नाहीत, ताई. आपण त्याला बघतो ना, त्या नजरेच्या वाटेने तो चालत येतो. ज्याला तो सगळ्यात स्पष्ट दिसतो, त्याच्याकडे."

मी विचारलं की मग डोळा मिटून घ्यायचा का. तो म्हणाला की सुरुवातीला जमतं. अगदी जवळ आला की तो मिटू देत नाही.

दादाचा दुसरा डोळा कोणत्याही आजाराने गेलेला नाही. त्याचा त्यानेच घालवला. त्यानंतर त्याला शांत झोप लागली, असं तो अगदी सहज म्हणाला. मुंगी शेजारीच बसून ऐकत होती. मला ते फार उशिरा लक्षात आलं.

३१ मार्च

मास्तरांनी रात्रंदिवस खपून नवा डोळा बनवला, लहान बाहुलीचा. बसवला. चांगला डोळा काही ऐकेना. मास्तर स्वतःसाठी वापरतात ते बाहुली आवळायचं औषध घातलं. दुपारभर गुण आला, मुंगी खाली जाऊन चक्क पाव मागून आली. संध्याकाळी बाहुली पुन्हा उघडली. मास्तरांनी आज कबूल केलं की दादाच्या डोळ्यांत बघून बघून त्यांचीही बाहुली उघडली होती, आणि दादाने डोळा घालवल्यावर उभा त्यांच्याकडे वळला होता. त्यांची भीती तेवढी मुरलेली नव्हती, म्हणून औषधावर आणि दिव्यांवर निभावलं. तेव्हापासून हे दिवे आणि हे विनोद. मुंगीची भीती मात्र मुरली आहे. ती मीच रंगवली, वर चमक चढवून.

घरात आणखी दिवे लावले. मुंगी म्हणते, उभा आता जिन्यात आहे.

३ एप्रिल

उंबऱ्यावर.

शाळा बंद केली. मी कात्र्या, पेन्सिली, विणकामाच्या सुया, काटे, सगळं कुलपात ठेवलंय. कारण मुंगीने मला आज अगदी समंजसपणे विचारलं की दादाला दुखलं होतं का. मी तिला पोटाशी धरलं. तिचा तो एक डोळा. मधाच्या थेंबाचा. तो मी जाऊ देणार नाही, काहीही झालं तरी.

तिच्याकडे बघतानासुद्धा मला धीर धरावा लागतो. माझ्या बाहुल्या मोठ्या दिसल्या तर तिची आणखी उघडेल. आई म्हणून पोरीच्या डोळ्यांत बघायची चोरी.

४ एप्रिल

खोलीच्या आत आलाय. कपाटापाशी. डोळा मिटला तर पापणी आपोआप वर होते म्हणते. आपोआप—

मी कपाटापाशी जाऊन उभी राहिले. मला काही दिसलं नाही. थंडही वाटलं नाही. मुंगी ओरडली की आई, बाजूला हो, तू त्याच्यात उभी आहेस.

दादाचं वाक्य डोक्यातून जात नाही. ज्याला सगळ्यात स्पष्ट दिसतो त्याच्याकडे.

मग मला स्पष्ट दिसू दे.

५ एप्रिल

पुन्हा नेत्रतज्ज्ञांकडे. तपासायच्या आधी बाहुली मोठी करायचं औषध घालतात, ती बाटली ट्रेमध्ये होती. आयुष्यात कोणाचा चमचासुद्धा उचलून आणला नव्हता. आणली.

मुंगीला कार्यशाळेत ठेवून आले, दिव्यांखाली, दादाच्या चाकाशेजारी. मास्तरांना सांगितलं. ते अडवतील असं वाटलं होतं. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले की पोरीची बाहुली निवांत झाली की लगेच आवळायचं औषध घ्या, एक दिवसही जास्त नको. मी मुंगीचा पापा घेतला. कुठे चाललीस विचारलं तिने. म्हटलं, घर आवरून येते.

दुपारी घरी. दिवे बंद केले, पडदे ओढले. थेंब घातले. बराच वेळ काहीच नाही. मग वहीच्या ओळी पुसट होत गेल्या. कपाट, पलंग, खोकी, सगळ्याला कडा फुटल्या. घाबरायचं कसं, हा प्रश्न होता. तो प्रश्न फार वेळ उरला नाही.

उंच आहे. मुंगीने बरोबर सांगितलं होतं. कपाटापाशीच, पण पाठमोरा, तोंड कार्यशाळेच्या दिशेला.

मी त्याच्याकडे एकटक बघितलं. तो वळला.

६ एप्रिल

मास्तरांचा फोन. मुंगी रात्री गाढ झोपली. सकाळी उठून म्हणाली, उभा गेला. पुस्तक वाचतेय. बाहुली आवळलीय, अजून थोडी मोठी आहे, उद्यापर्यंत ताळ्यावर येईल. फोनवर तिने मला अख्खा धडा वाचून दाखवला, एकदाही न अडखळता. मी तोंडावर हात दाबून रडले.

आणखी एक दिवस. एवढाच. पुन्हा थेंब घातले.

तो पलंगाच्या पायथ्याशी आहे.

७ एप्रिल दुपार

फोनवर मास्तर म्हणाले — जमलं. पट्टी धरली. तिसरा ठिपका. निवांत. मुंगी हसतेय मागे, ऐकू येतंय. तिला सांगितलं मी येतेच

आवळायची बाटली घेतली. घातलं औषध. दोनदा. काही होत नाही. मास्तरांचं भागलं कारण त्यांना असा — त्यांनी मुद्दाम बोलावला नव्हता त्याला

अक्षरं दिसत नाहीत. अंदाजाने लिहितेय. मुंगी मोठी होईल तेव्हा तिला कळू दे की डोळा तिचाच राहिला — मी रंगवलेला नव्हे, तो मधाचा

मिटते आता. मिटून भिंत धरत दारापर्यंत, मग जिना, खाली काकू आहेत. नजर नाही तर वाट नाही त्याला

मिटले

नाही. मिटत नाहीयेत

एक हात पेनावर. एक वहीवर. घरात मी एकटी आहे. मग माझ्या पापण्यांवर ही बोटं